हे डोळे कोणी काढले

त्या दुपारी सुमन डोळे आखत होती आणि मी मूर्तीचा पाट फिरवून देत होतो. पेणला आमचा गणपतीचा कारखाना हाय. माती आणि रंग माझा. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, बायकोचं. डोळा फसला की गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाय.

दुपारभर ती बोलत होती. माझ्या टकलालापण रंग मारते म्हणाली. मला बरं वाटलं. त्याआधी ती फार गप्प झाली होती.

तिला लहानपणापासून फिट यायची. रोह्याच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली, फिट थांबली. पण शब्द जायला लागले. ब्रशला ती 'ते केसाचं' म्हणायची. एकदा आखून हात खाली घेतला आणि मला विचारलं, "हे डोळे कोणी काढले?"

"तूच गो. आत्ता."

"मी नाय. माझ्या हातानं दुसरंच कोणतरी काढतंय."

तेव्हापासून आखलेली प्रत्येक मूर्ती ती भिंतीकडे तोंड करून ठेवायची. मी कारखान्यात शिरलो की नुसत्या पाठी. माझ्याच मूर्तींची मला भीती वाटायची.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, या गोळीनं काहींचं डोकं मंदावतं, विसरायला होतं. हळूहळू बदलून देतो. पण मनानं बंद करू नका, फिट जोरात उलटते. बाहेर आल्यावर सुमन म्हणाली, "अवो, तवर सीझन जाईल. माझे डोळे बिघडले तर काय करू?"

तिनं गोळी बंद केली. मला बोलली नाय. माझ्या टकलाला रंग मारते म्हणाली, त्याच रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाय. झोपेत फिट आली, असं डॉक्टर म्हणाले. उशाशी गोळ्या तशाच होत्या.

सुतकात आम्ही मूर्तीला हात लावत नाय. म्हणून अग्नी दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, तिचे डोळे खरंच बिघडलेत का बघायला, शेजारच्या कारखान्यातल्या नामाला बोलावलं. मी दारात उभा राहिलो. तो एकेक मूर्ती वळवत गेला. आतल्या रांगा गोळी चालू असतानाच्या, दाराजवळच्या ती परत बोलायला लागली तेव्हाच्या, म्हणजे बंद केल्यानंतरच्या.

नामा म्हणाला, "दादा, यात बिघडलेल्या कुठल्या?"

मी सगळ्या बघितल्या. जन्मभर तिचे डोळे बघितलेत मी. एकसुद्धा फसला नव्हता. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

गोळीनं डोकं जड झालं तर डॉक्टरांना रोज त्रास द्या, पण गोळी गिळा. नामाला मी एवढंच बोललो आणि उरलेल्या गोळ्या परत द्यायला रोह्याच्या गाडीत बसलो.