शेवटच्या रांगेवरचे पाणी

खंडेराव तात्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे, लेख द्या, असे संपादक मंडळींचे पत्र आले. मी त्याच दिवशी होकार कळवला आणि पुढे दोन महिने एक ओळ लिहिली नाही. तात्यांबद्दल खरे लिहायचे तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगितली की माझे नाव खराब होते. मी जात्याच काळजीखोर. चाळीस वर्षे ही काळजी पोटात घेऊन हिंडलो. आता ती आपणा सर्व बागायतदार मंडळींपुढे ठेवतो.

तात्यांची माझी ओळख झाली ती एकोणीसशे तीस ते चाळीसच्या मधल्या एका वर्षी. शेतकीची पदवी घेऊन मी विद्यापीठात फळबागशास्त्राच्या वरच्या पदवीसाठी नाव घातले होते. प्रबंधाचा विषय होता मोसंबीचा ताण. बहार धरण्यासाठी झाडांचे पाणी काही आठवडे तोडायचे, पाने मलूल होऊ द्यायची आणि मग पाणी देऊन फूल आणायचे, हे आपल्याला नवीन नाही. पण नक्की कुठे थांबावे हे मला मोजून लिहायचे होते. त्यासाठी कालव्याकाठची बाग हवी होती, आणि माझ्या शब्दावर स्वतःची झाडे तहानलेली ठेवील असा मालक हवा होता. बारामतीला गाडीतून उतरलो आणि आठ दिवस वणवण केली. लोक चहा पाजत, आणि बागेचा विषय काढला की गुरांना पाणी दाखवायला उठून जात.

निमगाव केतकीच्या बाजारात कोणीतरी तात्यांचे नाव सांगितले. तेव्हा ते पस्तिशीचे होते, तरी साऱ्या गावाचे तात्या झालेले होते. त्यांच्या वडिलांची उमेद मेंढरांमागे फिरण्यात गेली होती. झाड लावून त्याच्यापाशी थांबणारे घराण्यातले पहिले तात्याच. मी अर्धा तास माझे शास्त्र समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“म्हंजे झाडास्नी उपाशी ठिवायचं, आन् कोण कवा मरतंय ते तुमी लिवणार.”

“मरणार नाहीत, तात्या.”

“ते तुमास्नी कुणी सांगितलं?”

बाग मिळाली नाही तर माझे शिक्षण इथेच संपले, एवढेच मी बोललो. तात्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, “चार रांगा घ्या. पर येक हाय, रघुनाथराव. पाणी कवा सोडायचं ते तुमी सांगायचं. तुमी सांगितल्याबिगर थेंब सोडणार न्हाय. शबूद हाय माजा.”

तो शब्द त्यांनी कसा पाळला ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. चारही रांगांचे पाणी एकाच दिवशी तोडले. पहिल्या रांगेला तीन आठवड्यांनी पाणी द्यायचे, दुसरीला पाच, तिसरीला सात आणि शेवटचीला नऊ आठवड्यांनी, असा बेत होता. चुकून कोणी पाणी वळवू नये म्हणून तात्यांनी रांगांकडे पाणी नेणाऱ्या दांडाच्या तोंडाशी बाभळीचे फेस, म्हणजे काटेरी फांद्या, टाकून ठेवले. शेजारपाजारचे हसत, तात्यांनी बाग वाळवायला पुण्याहून साहेब आणलाय, म्हणत. मी रोज सकाळी उठून पाने मोजायचो. जेवण जात नसे. वहिनी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, एकदा मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “भावजी बी वाळाय लागल्यात झाडांसंगं. आदी ह्यास्नी पाणी द्या.” त्या दिवसापासून माझ्या ताटात भाकरीबरोबर ताकाचा तांब्या येऊ लागला, आणि तो संपेपर्यंत त्या समोरून हलत नसत.

सातवा आठवडा उलटला आणि माझ्या मार्गदर्शकांनी मला पुण्याला बोलावून घेतले. ते फार कडक होते. नऊ आठवड्यांची रांग पुरी झाली नाही तर प्रबंधाला काही अर्थ नाही, असे त्यांनी मला तोंडावर सांगितले. त्याच सुमारास तात्यांचे कार्ड आले. मोठमोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘शेवटच्या रांगेची पाने गळतात. फांद्या शेंड्याकडून वाळतात. झाडे हातची जातील. काय करू ते कळवावे.’

एका बाजूला बारा झाडे, तात्यांनी पाच वर्षे पोरांसारखी वाढवलेली. दुसऱ्या बाजूला माझी पदवी. मला झाडांचे वाईट वाटले, पण पदवीची धास्ती जास्त वाटली, हे मी आज कबूल करतो. ‘मरू द्या’ असे लिहायला हात धजेना. म्हणून जरा सभ्य शब्द शोधून मी उलट टपाली कार्ड लिहिले, ‘शेवटच्या रांगेवर पाणी सोडा.’ ती झाडे गेलीच असे समजा, त्यांची आशा सोडा, असे मला म्हणायचे होते.

दहा-बारा दिवसांनी मी परत गेलो. वाळलेली रांग पाहण्याची मनाची तयारी करून गेलो होतो. पाहतो तो काय, बाभळीचे फेस बाजूला ओढलेले, आळी ओली आणि उरल्या फांद्यांवर डोळे फुगलेले. नऊ आठवड्यांचा ताण मध्येच मोडला होता. मी काही बोलणार तोच तात्या समोर आले आणि त्यांनी मला हात जोडले.

“तुमी पदवीवर पाणी सोडलंसा, पर माजी झाडं वाचीवली. ह्यो उपकार मी इसरणार न्हाय.”

मंडळी, त्या क्षणी मी खरे सांगायला हवे होते. मी मान खाली घातली. तो माझा विनय समजला गेला.

पुण्यात मार्गदर्शकांसमोर उभे राहताना वाटले, पाट फुटला म्हणून सांगावे. तेवढे मात्र जमले नाही. ताण मध्येच मोडला असे लिहून दिले आणि माझे एक वर्ष गेले. पुढच्या हंगामात पुन्हा बाग मागायला मी लाजत लाजत गेलो, तर तात्यांनी रांगा आधीच आखून ठेवल्या होत्या. यंदा आठवडे मोजायचे नाहीत, असे त्यांनीच सुचवले. “दुपारचं पान मिटू द्या, ते मिटतंयच. पर सकाळी बी उघडलं न्हाय, तर त्या दिशी पाणी सोडायचं. त्येच्या म्होरं झाड आपल्यावर इस्वास ठेवत न्हाय.” माझ्या प्रबंधाचा गाभा म्हणून ज्याचे कौतुक झाले ते हेच. आभाराच्या पानावर मी ‘एक स्थानिक बागायतदार’ असे लिहिले होते. त्या बागायतदारांचे नाव खंडेराव तात्या.

पुढे मी कॉलेजात शिकवण्याच्या नोकरीला लागलो. माझा प्रत्येक विद्यार्थी शेतकऱ्याच्या झाडाला हात लावण्याआधी तोच प्रयोग कॉलेजच्या झाडांवर करी, आणि शेतकऱ्याला धाडायचे प्रत्येक पत्र मी दोनदा वाचत असे. लोकांना तो माझा चांगुलपणा वाटला. तिकडे तात्या बारामती-इंदापुरातल्या प्रत्येक सभेत मला उभे करून तीच गोष्ट सांगत, की ह्या माणसाने पदवीवर पाणी सोडले आणि माझी झाडे जगवली. टाळ्या पडत. मला घाम फुटे.

गेल्या आठवड्यात हा लेख घेऊन मी तात्यांकडे गेलो. छापण्याआधी त्यांना वाचून दाखवायचा, मग ते काय म्हणतील ते म्हणोत, असे ठरवले होते. त्या रांगेच्या जागी आता डाळिंब आहे. ओट्यावर बसून मी वाचू लागलो. माझ्या उत्तराच्या कार्डाचा मजकूर वाचला. त्याचा खरा अर्थ वाचला आणि थांबलो.

तात्या म्हणाले, “ठावं हाय मला. आमच्या वडलांनी मेंढरांवर पाणी सोडलं, तवा आमी हितं ऱ्हायलो. पाणी सोडणं म्हंजे काय ते मला कळत न्हाय व्हय? पर तुमी सांगितल्याबिगर सोडणार न्हाय असा शबूद दिला व्हता. कारडात दोन अर्थ निघत व्हते. मी झाडांच्या कामाचा घेतला.”

मी कागद ओट्यावर ठेवला. मग विचारले, “तात्या, तुम्हाला माहीत होते, तर इतकी वर्षे चारचौघांत मला चांगला का म्हणत आलात?”

“येक डाव म्हणलं,” तात्या म्हणाले. “मग तुमी तसं वागाय लागलासा. मला बोलणं बदलायची गरज पडली न्हाय.”

लेख छापायला त्यांनी आनंदाने परवानगी दिली. वहिनींनी ताकाचा तांब्या आणून ठेवला आणि तो संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

तात्यांची नजर आणि पाय असेच शाबूत राहोत, सकाळी बागेतून एक फेरी त्यांच्याकडून कधी न चुको. त्यांनी शंभरी गाठावी अशी आपल्या सर्वांचीच इच्छा आहे. माझा त्यात थोडा स्वार्थ आहे: ते माझ्याबद्दल जे बोलत आले, ते सगळे खरे करायला मला अजून काही वर्षे हवी आहेत.