समदी जित्ती हायती

अक्का गेल्याचा फोन सांगलीच्या दवाखान्यातून उजाडताना आला आणि मी मळ्याकडे पळत सुटले. अक्का माझी थोरली जाऊ. भाऊजी दवाखान्यात, मळ्यातल्या घरी सासूबाई एकट्या. गावातलं कुणी बातमी घेऊन पोचायच्या आत मला पोचायचं होतं. रस्त्यात डेअरीला दूध घालायला निघालेली ओळखीची माणसं भेटली. एकानंही मला थांबवलं नाही. "आज एकट्याच व्हय, वहिनी?" म्हणत हात करून गेली. आमच्या तासगावाकडं बाई पळताना दिसूनही कुणी दचकत नाही, ही अक्काची कमाई...

ती मूळची औंधकडची. शाळेत पळण्यात कायम पहिली. लग्न झालं, भाऊजी लष्करात, द्राक्षबाग हिच्या अंगावर पडली आणि पळणं सुटलं ते तीसेक वर्षं. पन्नाशीला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर ही पळायलाच लागली. मी म्हटलं, "आवं अक्का, चालायला सांगितलंय!" तर म्हणाली, "चालण्यात लय येळ जातुया. बागंला औषध कोन मारनार, डॉक्टर?" मी हसले. खरी गोष्ट वेगळी होती. पळताना तिचा चेहरा माहेरी निघालेल्या बाईसारखा व्हायचा.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. साडी वर खोचलेली, पायात मुलाचे जुने बूट. आमच्याकडं त्या वयाची बाई रस्त्यानं पळते ती एकाच कारणानं. ट्रॅक्टरवाला थांबला, "काकू, कोन गेलं?" हिला दम लागलेला, तोंडातून शब्द फुटेना. मागून आलेल्या मोटारसायकलवाल्यानं त्याचा काय तो अर्थ लावला आणि पुढं जाऊन लष्करातून निवृत्त होऊन घरी आलेल्या भाऊजींना उठवलं. अक्का घरी पोचते तर अंगणात ही गर्दी! दोघींनी तर पदर डोळ्यांना लावून सुरुवातही केली होती. अक्कानं सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवसापासून समोरून कुणी येताना दिसलं की ती लांबूनच हात वर करून ओरडायची, "समदी जित्ती हायती!"

हळूहळू गाव सरावलं. मग मीही तिच्याबरोबर जायला लागले. मी मागं पडले की ती वळायची आणि उलटी पळत पळत माझ्याशी गप्पा मारायची. सासूबाईंचा पट्टा चालूच असायचा, "एक उंडारत हुती, आता दोगी."

अक्काच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पळण्याचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण दहाव्याला आलेल्या बायका कुजबुजत होत्या, "ह्या वयात सोसतंय व्हय? पळूनच गेली बया." घरी नवरा म्हणाला, "आता बास कर." मी बास केलं. भीती मलाही वाटत होतीच. पण त्याहून जास्त राग येत होता. सगळा जन्म बागेत आणि घरात घालवलेल्या बाईला स्वतःचं म्हणून एवढं एकच मिळालं होतं, आणि तेच तिच्या मरणाला कारण म्हणून चिकटवलं जात होतं. आणि मी घरात बसून त्याला हो म्हणत होते.

महिन्याभरानं एका सकाळी मळ्यात गेले. सासूबाई जोत्यावर बसलेल्या, नजर रस्त्याकडं.

"आत चला की, गार वारं सुटलंय."

"बसू दे. ती पळाय गेली की मी हितंच बसायची."

"तुमी तर तिला रागवायचा."

"रागवायची. पर परत येताना लय ग्वाड दिसायची गं..."

मला रडू आवरेना. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तू का गेली न्हाईस आज?"

"लोक म्हणत्यात, अक्का त्यानंच..."

"लोकास्नी मी बघती. रोज सकाळी हितं बसून मी रिकामी वाट बघायची व्हय? जा तू. मी बसलीया."

मी चपला जोत्याखाली काढल्या, साडी खोचली आणि निघाले. वळणावर मागं पाहिलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, कपाळावर हात आडवा धरून.