बुरुजाखालची पन्नास मिनिटं

मानवजातीवर झालेल्या अन्यायांची यादी कोणी करायला घेतली, तर पॅरिसच्या विमानतळावर मला मिळालेल्या भाड्याच्या गाडीला तिच्यात मानाचं पान द्यावं. बुक करताना ‘मध्यम आकार’ असं स्वच्छ लिहिलं होतं. फ्रान्समध्ये मध्यम म्हणजे काय, हे डिकीत दोन बॅगा गेल्या आणि उरलेल्या तीन आमच्याकडे बघत राहिल्या तेव्हा कळलं. मिनेसोटात सात सीटांच्या गाडीतून दूध आणायला जाणाऱ्या माणसाला शोभेल अशी तक्रार मी केली. काउंटरवरच्या बाईंनी खांदे उडवले. एक बॅग पुढच्या सीटवर सुजाताच्या पायाशी, दोन मागे आई आणि ईराच्या मध्ये, असे आम्ही निघालो.

ही सहल आईमुळे ठरली. ती पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, मिनियापोलिसजवळ ईडन प्रेरीला, येणार होती. फोनवर म्हणाली, “येतेच आहे तर वाटेत एखादा किल्ला दाखव. आतून.”

त्या ‘आतून’ला इतिहास आहे. बाबांना गडांचं वेड होतं. दर हिवाळ्यात चार कुटुंबं निघायची. पुरुष आणि पोरं वर जायची. आई आणि एक-दोन काकू पायथ्याच्या गावात चूल, पिठलं आणि सामान सांभाळायच्या. आईने गुंजवणे पाहिलंय, राजगड नाही. वेल्हे पाहिलंय, तोरणा नाही. मी दोन्ही पाहिले आणि खाली उतरल्यावर तिसरी भाकरी मागितली. बाबा गेल्यानंतर तिने मागितलेली ही पहिली गोष्ट.

ती पुण्याहून, मी, बायको सुजाता आणि चौदा वर्षांची ईरा मिनियापोलिसहून, असे पॅरिसला भेटलो. (आईवडिलांचा युरोपचा व्हिसा त्यांना भारतातूनच काढायला सांगा, इकडे आल्यावर फार नाचावं लागतं.) तिथून दक्षिणेला दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यापर्यंत थांबत थांबत सात तास. गावाचं नाव देत नाही. दिलं तर पुढच्या उन्हाळ्यात तिथे आपलेच चाळीस जण भेटतील. एक चौक, एक बेकरी, मधाच्या रंगाची दगडी घरं आणि डोक्यावर मध्ययुगीन किल्ला. दोन खोल्यांचं घर रात्रीला नव्वद युरो भाड्याने मिळालं. शाकाहारी मंडळींनी बदकापासून सावध राहावं, ते सॅलडमध्येही असतं. आई दोन दिवस ब्रेड, ऑम्लेट आणि अक्रोडाच्या केकवर खूश होती. संध्याकाळी अंगणात बसून किल्ल्याकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी, घर सोडून, सगळं सामान गाडीत घेऊन आम्ही किल्ल्यापाशी पोचलो. साडेअकरा झाले होते. आठ युरोचं एक, अशी चार तिकिटं काढली. दारावर वेळा लिहिल्या होत्या: साडेबारा ते अडीच बंद. मी त्या वाचल्या होत्या, हे इथे नोंदवून ठेवतो.

“बॅगा काचेतून दिसतायत,” मी म्हणालो. “सामानापाशी कोणीतरी बसायला हवं.”

हे वाक्य बाबांचं. माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मलाच कळलं नाही.

“मी बसते. आई, तुम्ही जा,” सुजाता म्हणाली.

“नको गं, तुम्ही जाऊन या आधी. मला सवय आहे.”

“वीस मिनिटांत येतो,” मी म्हणालो. “मग तुझा नंबर.”

वरून नदी दिसते, अक्रोडाच्या बागा दिसतात, आणि फोटो काढता काढता पन्नास मिनिटं जातात. खाली गाडीबाहेर उभी राहून आई वर बघताना दिसली. मी हात हलवला. तिने हलवला नाही.

आम्ही उतरलो तेव्हा तिकीटवाल्या बाई किल्ली फिरवत होत्या. मी आईचं तिकीट दाखवलं. त्यांनी पाटीकडे बोट केलं आणि आम्हाला जेवणाच्या शुभेच्छा दिल्या.

“थांबू या की अडीचपर्यंत,” सुजाता म्हणाली.

“त्या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेचं तीनचं बुकिंग आहे. इथून तास लागतो. आणि पैसे परत नाही देत ते.”

“जाऊ दे रे,” आई म्हणाली. “खालून छान दिसला.”

गाडी गावाबाहेर पडली. मग बॅगांच्या पलीकडून ईरा म्हणाली, “डॅड, शी प्रॅक्टिस्ड. आजीने थ्री मंथ्स लिफ्ट नाही घेतली. चार मजले, ट्वाइस अ डे.”

“अगं, ते शुगरसाठी,” आई घाईघाईने म्हणाली.

गुहेत हजारो वर्षांपूर्वीची चित्रं होती. जरूर बघा. मला एकही आठवत नाही.

ईडन प्रेरीला आल्यावर बॅगा उघडल्या. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, ईरासाठी राजगिऱ्याच्या वड्या. फ्रेंच चोराने हे पळवलं असतं तर बिचाऱ्याला थालीपीठ लावायला शिकवणारं कोणी नव्हतं.

पुढच्या शनिवारी पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, कोणीतरी विचारलं, “काकू, किल्ला कसा होता?”

“सुंदर,” आई म्हणाली. “पार्किंग अगदी पायथ्याशी आहे.”

सगळे हसले. मी भांडी आवरायला गेलो.

गेल्या रविवारी तिला आणि ईराला घेऊन दीड तासावरच्या एका स्टेट पार्कात गेलो. जंगलात वणव्यावर नजर ठेवायला बांधलेला जुना लोखंडी मनोरा आहे तिथे. गाडीचे सात डॉलर, वर जायला तिकीट नाही, बंद व्हायची वेळ सूर्यास्त. त्याला किल्ला म्हणायला मी निर्लज्ज असूनही जीभ रेटली नाही. ईरा दोन-दोन पायऱ्या चढत पुढे गेली.

“तू नाही येत?” आईने विचारलं.

“सामानापाशी कोणीतरी हवं.”

सामान म्हणजे तिची पर्स आणि पाण्याची बाटली. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पर्स खांद्यावरून काढून माझ्या हातात दिली, आणि कठडा धरून चढायला लागली.