चाळीस सेकंदांचा टायमर

तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी. तिथे काहीही बिघडलं की कारण सापडायचंच – ओली केबल, उंदीर, नाहीतर कोणाचा तरी आळस. त्यामुळे या सदरात ‘मला अनुभव आला’ म्हणून लिहिणाऱ्यांची मी मनसोक्त टर उडवली आहे. आता तुम्ही माझी उडवा, हरकत नाही.

तीन वर्षं झाली. इंदूर, सुदामा नगर, आमचं तळमजल्याचं घर. तेव्हा मी सहासष्टची तरुणी होते आणि अक्कल उतू जात होती! नात सई पुण्यात नेटवर्क इंजिनियर. तिचं परीक्षेचं पुस्तक घरी राहिलेलं, ते चाळता चाळता मलाही खाज सुटली.

“आजी, तुझ्या लॅपटॉपवर नको, धूर निघेल,” सई फोनवर बोलली. “क्लाऊडवर सर्व्हर भाड्याने घे, त्याच्यावर सरावाची लॅब टाक. मी सांगते तसं कर.”

चार दुपारी गेल्या. मग कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरच्या पोटात माझे पाच राउटर, म्हणजे नेटवर्कमधली टपाल पुढे ढकलणारी यंत्रं, चालू झाले. खोटे बरं का – नुसतं सॉफ्टवेअर, हात लावायला काही नाही. घरच्यांचीच नावं दिली त्यांना. नवऱ्याचं नाव जन्मात तोंडाने घेतलं नाही, ते टाइप काय करणार? त्यांचा राउटर ‘अहो’.

“वा! म्हणजे आता तिथेही तुझाच हुकूम,” हे म्हणाले.

हे राउटर दर दहा सेकंदांनी एकमेकांना ‘हॅलो’ पाठवतात. चाळीस सेकंद हॅलो आला नाही की शेजारचा त्याला मेलेला धरतो, आणि स्क्रीनवर तशी ओळ पडते.

पाचव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास ओळ पडली – ‘अहो’ डाऊन. हे समोरच खुर्चीत पेपर घेऊन बसलेले. मी हसत म्हटलं, “अहो, तुम्ही डाऊन झालात!” उत्तर नाही. डोळे उघडे, पान तेच. मिनिटभराने ‘अप’ आलं, आणि तेव्हाच हे म्हणाले, “काय गं, काही बोललीस?”

दोन दिवसांनी पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी हातातला कप कलंडला, गरम चहा पायजम्यावर... यांना पत्ताच नाही. “झपकी लागली यार,” एवढंच बोलले.

सईला मी हे गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. “आजी, लॅबचं सोड. आबांना तुकोगंजला डॉक्टरकडे ने. उद्याच.”

“आणि काय सांगू? आमचा राउटर पडतो? मलाच भरती करतील!”

मग मी, शहाण्या बाईने, काय केलं ऐका. एक्स्चेंजमधे खोटा अलार्म सारखा वाजायला लागला की आम्ही बझरमधे कापूस कोंबायचो. तेच केलं. चाळीस सेकंदांचा टायमर दोन तासांवर नेऊन ठेवला. स्क्रीन एकदम स्वच्छ. त्या आनंदात मी शिरासुद्धा केला.

चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दुपारी मी यांच्या समोर बसून काम करत होते. एकदा विचारलं, “चहा ठेवू?” बोलले नाहीत. झोपले असतील... स्क्रीनवर काही नव्हतं ना!

पाच वाजता शेजारचे शर्माजी पेपर परत द्यायला आले आणि दारातच थांबले. “अरे भाभीजी... भिया का मुँह देखो, टेढ़ा हो रिया है!”

हॉस्पिटलमधे डॉक्टरने विचारलं, “पहले कभी ऐसा हुआ? थोड़ी देर के लिए गुमसुम हो जाना?”

मी म्हटलं, “नहीं.”

“जल्दी ले आते तो...” वाक्य त्याने तिथेच सोडलं. तिसऱ्या दिवशी पहाटे हे गेले.

तेराव्यानंतर सईने लॅब उघडली. कोणता राउटर काय पाठवतो त्याचं रेकॉर्डिंग मी चालूच ठेवलं होतं. त्या दुपारी चार वाजून तीन मिनिटांनी ‘अहो’चा हॅलो बंद पडलेला. डाऊनची ओळ पडली सहा वाजून तीन मिनिटांनी – मी सांगितलं होतं तशीच, बरोबर दोन तासांनी. तेव्हा आम्ही हॉस्पिटलमधे होतो. हॅलो पुन्हा सुरू झाला तो तिसऱ्या दिवशी पहाटे. तेव्हापासून आजपर्यंत एकही चुकलेला नाही.

सईने सर्व्हर उलटापालटा करून पाहिला. काही दोष नाही. बाकी चार राउटरांचा एक हॅलो गळलेला नाही. हीच लॅब, हीच नावं, दुसऱ्या सर्व्हरवर महिनाभर चालवली – काही नाही. “आजी, त्याला शरीरच नाही गं. तो कसा आजारी पडेल?” म्हणाली आणि रडली. डिलीट कर म्हणते. मी नाही करत. टायमर मात्र पुन्हा चाळीसवर आणला आहे.

राउटरला कसं कळलं, ते तिलाही सापडलं नाही, मलाही नाही. डॉक्टरला मी ‘नाही’ म्हटलं, हे तिला अजून माहीत नाही. आबांना असं पूर्वी कधी झालंच नव्हतं, असं मी डॉक्टरला सांगितलं... सईच्या समोर बसून हे सांगायचा तीनदा प्रयत्न केला, जमलं नाही.

सई हे सदर दर महिन्याला वाचते.