बाबांची अक्षरं आणि देव्हाऱ्यातली सीडी

चौक गावात जुन्या हायवेला लागून आमचं दुकान आहे. बाबा पेंटर. ट्रकच्या मागच्या फाळक्यांवर, टेंपोच्या कपाळावर, ढाब्यांच्या पाट्यांवर ते नावं रंगवायचे. त्यांचा ‘श’ मी शंभर पाट्यांतून ओळखला असता. त्याची गाठ ते एका दमात मारत आणि शेवटी ब्रश किंचित उचलून सोडत, त्यामुळे अक्षर चालायला निघाल्यासारखं दिसे. त्या ब्रशवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दादाने दहावीनंतर शाळा सोडून दुकान धरलं, म्हणून मला कर्जतला राहून शिकता आलं. हे मी विसरत नाही.

पुढे कापून चिकटवायचं रेडियम आलं. लोकांना रंग नको झाला. दादाने रेडियम कापायचं मशीन घेतलं आणि ते चालवायला कॉम्प्युटर. त्यातली तयार अक्षरं बाबांना पसंत पडली नाहीत. ‘ही तर सरकारी नोटिशीतली हायेत,’ असं म्हणून त्यांनी एक सबंध पावसाळा दुकानात बसून आपली सगळी अक्षरं कागदांवर काढली. काना, वेलांटी, जोडाक्षरं, सगळं. पनवेलच्या एका मुलाने ती बोटाने माग काढल्यासारखी कॉम्प्युटरमध्ये उतरवली. त्यानंतर मशीन बाबांच्या अक्षरात कापू लागलं. कागद मात्र रंग जमिनीवर सांडू नये म्हणून डब्यांखाली अंथरले गेले आणि खराब होऊन केरात गेले. एकदा आत गेलेली अक्षरं कायमची आत राहतात, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

कॉम्प्युटरबरोबर एक सीडी आली होती. विकणाऱ्याने ती दादाच्या हातात देताना सांगितलं होतं की हिच्यात सगळं आहे, कधी काही बिघडलं तर हीच उपयोगी पडेल. आईने ती डब्यात घालून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली. दसऱ्याला ब्रश, कटर, पट्टी यांच्या ओळीत तिलाही मांडायची आणि बाबा सगळ्यांना कुंकू लावायचे.

मग बाबांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. बोलणं राहिलं, पण तुटक. ते दुकानात खुर्चीवर बसून मशीनकडे बघत. आपलं अक्षर सुरीखालून बाहेर येताना पाहिलं की त्यांचा डावा हात मांडीवर हळूच हलायचा.

दुकानात इंटरनेट आल्यावर कॉम्प्युटर सारखं अपडेट मागायचा. दादा प्रत्येक वेळी होकार द्यायचा. नवं फुकट मिळतंय तर नाही का म्हणायचं, असा त्याचा हिशेब. अशाच एका अपडेटनंतर कॉम्प्युटर सुरू होईना. काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. दादाचा फोन आला तेव्हा मी कर्जतला शाळेत तास घेत होते. घरच्यांच्या लेखी मी पदवीधर, म्हणजे मला येणारच. मी निघाले.

आईने डबा काढला. सीडीच्या चकचकीत बाजूलाच कुंकवाची जुनी बोटं वाळली होती. मी ती ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसली. थोडा वेळ गुरगुर करून कॉम्प्युटरने सीडी वाचली तेव्हा आईने हात जोडले. मलाही वाटलं, जमलं.

मी दुरुस्तीचा पर्याय निवडला. पडद्यावर आलं की आत बसलेली प्रणाली या सीडीपेक्षा नवी आहे. ही सीडी तिची दुरुस्ती करू शकत नाही. हवं तर जुनं पुसून सगळं नव्याने बसवता येईल. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

दादाला समजावून सांगितलं, की अपडेट घेत घेत कॉम्प्युटर पुढे गेला आणि सीडी होती तिथेच राहिली. तो हसला.

“म्हणजे डाक्टर राहिला जुना, नि पेशंट शिकून पुढं गेला. आपल्या घरात ह्ये काय नवं नाय गं.”

तो टोमणा नव्हता, पण मला लागला. बाबांनी तेवढ्यात विचारलं, “अक्षरं?”

“आत आहेत, बाबा. नवीन सीडी आणते. तोवर कुणी हात लावू नका.”

कर्जतच्या ज्या क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकले, त्या सरांकडे नव्या प्रणालीची सीडी होती. त्यांनी सगळी कपाटं उलथून ती शोधून दिली आणि आधी अक्षरांची प्रत काढून घे, मगच दुरुस्तीला लाग, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चौकला पोचले.

दादा दारातच उभा होता, खुशीत. एका गिऱ्हाइकाच्या नव्या टेंपोची संध्याकाळी पूजा होती. त्याच्या वडिलांच्या टेंपोवर बाबांनी नाव रंगवलं होतं आणि त्याला तसंच हवं होतं. ते गिऱ्हाईक सकाळपासून दुकानात बसून राहिलं होतं. शेवटी दादाने आपल्याच सीडीने सगळं नव्याने बसवून टाकलं होतं. कॉम्प्युटर सुरू झाला होता, मशीनही जोडलं होतं.

“आता उघडतो बग बाबांची अक्षरं,” तो म्हणाला. “सगळं हिच्यातच हाय ना.”

त्याने यादी उघडली. सरळ, गुळगुळीत, नोटिशीतली अक्षरं आली. तो खालीवर शोधत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबांची अक्षरं सीडीतून आली नव्हती, ती नंतर आत गेली होती, हे मला सांगावं लागलं नाही.

मी कॉम्प्युटर सरांकडे नेला. पुसलेलं शोधायचे जे उपाय त्यांना येत होते ते त्यांनी केले. काही फाइलींची नावं सापडली, आत काहीच नव्हतं. जुन्याच्या जागेवर नवं लिहिलं गेलं होतं.

त्या टेंपोवर तयार अक्षरातलं नाव गेलं. बाबा दादावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दादा अजूनही जुन्या गाड्या दिसल्या की बाबांचं अक्षर मिळेल म्हणून मागे धावतो आणि मोबाईलवर फोटो घेतो. साजगावच्या कारखान्यांच्या फाटकांपाशी, खोपोलीच्या गॅरेजांत मीही हिंडले. रंग उडालेला असतो, फाळका बदललेला असतो, बऱ्याच गाड्या भंगारात गेल्या. फोटो दाखवले की बाबा बघतात आणि बहुतेक वेळा मान हलवतात: माझं नाही. ‘श’ अजून मिळालेला नाही.

यंदा दसऱ्याला आईने डबा हातात घेतला आणि ती घुटमळली. दादा बाहेर जाऊन उभा राहिला. बाबांनी डाव्या हाताने खूण केली, मांड. ब्रश, कटर, पट्टी आणि शेवटी सीडी. त्यांच्या डाव्या हाताला नेम नाही. कुंकू पुन्हा चकचकीत बाजूवरच लागलं, लांब ओघळलं. आईने फडकं घेतलं, पण बाबांनी तिचा हात धरला. डबा तसाच बंद करून मी कप्प्यात ठेवला.