वाऱ्याला लावलेली जाळी

आमचे हे गाड्यांच्या सीटा शिवायचे. फाटलेलं रेग्झीन आणा, बसका फोम आणा, उंदराने कुरतडलेली पाठ आणा, तीन दिवसांत गाडी आतून नवी. रस्त्यात सगळे त्यांना गादीवाले म्हणायचे, म्हणून मी आपोआप गादीवालीण झाले. गादीवर टेकायला मात्र दोघांनाही सवड नव्हती. खाली कारखाना, वर आम्ही. सरळ शिलाई माझ्याकडे आणि वळणाची त्यांच्याकडे, कारण वळण आलं की माझी सुई हटकून घसरायची.

संसार चांगला झाला, पण बोलणं फार थोडं झालं. हा माणूस दिवसभर तोंडात टाचण्या धरून काम करायचा. टाचण्या नसल्या तर पिना मारायच्या बंदुकीचा हवेचा पंप चालू, धडधड धडधड, पस्तीस वर्षं. मी जिन्यातून "चहा!" म्हणून ओरडले की वरच्या मजल्यावरची शेजारीण "आले हं" म्हणायची. हे नाही.

मग आमच्याकडे टकली आली. एक गिऱ्हाईक कायमचं परदेशी चाललं होतं. त्याची टप उघडणारी गाडी होती, दोन दारांची. टपाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि पावसाने आतली गादी कुजली होती. ह्यांनी ती भंगाराच्या भावात घेतली आणि चार महिने रोज संध्याकाळी बसून नवा टप शिवला. इतका सुरेख, की मी स्वतः त्यावर हात फिरवून बघितला. आणि एवढं करून तो कधी लावायचाच नाही! कायम मागे दुमडलेला.

"अहो, मग शिवला कशाला?"

"उघडायला," हे म्हणाले.

रस्त्यातल्या पोरांनी गाडीचं नाव टकली पाडलं आणि आम्हीही तेच म्हणू लागलो.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्यातून तळ्याच्या रस्त्याने तासभर जायचो. आठवड्यात तेवढाच एक तास, ज्यात ना टाचण्या, ना पंप. मी आठवडाभर बोलायच्या गोष्टी साठवायची. शेजारणीचं भांडण, सुनेचा नवा चष्मा, माझ्या गुडघ्याची तक्रार. आणि गाडीने वेग घेतला की सगळं वारं घेऊन जायचं. मी घसा फाडून बोलायची, हे रस्त्यावर नजर ठेवून हसून मान हलवायचे, "हो, हो." परत आल्यावर विचारलं तर एक गोष्ट आठवायची नाही. मला वाटायचं, हे कानाडोळा करतात.

उघड्या गाडीत वारं अडवायच्या जाळीचं काम मात्र ह्यांच्याकडे आधीपासून होतं. सुरुवात एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी केली. त्यांचीही उघडी गाडी होती आणि मान आखडायची. हे म्हणाले, वारं समोरून येतं, समोरची काच उंच करू. काचेवर वीतभर प्लास्टिक चढवलं. बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या, केसांचं घरटं झालेलं.

तेव्हा ह्यांनी माझ्याकडे उरलीसुरली लोकर मागितली. मी लाल लोकरीचे वीतवीतभर तुकडे कापले, त्यांनी ते सीटांना, डोकं टेकायच्या उशांना, आरशाला, सगळीकडे बांधले आणि मला शेजारी बसवून बाईंची गाडी पिटाळली. मी मागे वळून धागे बघायचे आणि सांगायचे. तर काय, सीटांच्या मागचे सगळे धागे आमच्या दिशेने उभे! वारं काचेवरून उडी मारतं, मागच्या सीटवर पडतं आणि तिथून उलटं फिरून मानेवर येतं.

"म्हणजे नातेवाइकांसारखंच," मी म्हणाले, "तोंडावर काही नाही, सगळं पाठीमागून."

हे त्यावर इतके हसले की गाडी थांबवावी लागली. आता वाटतं, ते नक्की माझ्या बोलण्याला हसले की माझ्या चेहऱ्याला, कोण जाणे.

मग ह्यांनी जाळी बनवली. लोखंडी नळी वाकवून दोन चौकटी, मधे बिजागरी, त्यावर काळी जाळी ताणून शिवलेली. एक चौकट मागच्या सीटवर आडवी निजते, दुसरी पुढच्या सीटांच्या पाठीमागे उभी राहते, डोक्याच्या उंचीपर्यंत. दोन्ही बाजूंना खुंट्या, त्या गाडीच्या अंगातल्या भोकांत बसवायच्या. जाळी फार दाट झाली तर आरशात मागचं दिसत नाही, फार विरळ झाली तर वारं गाळून आत येतं. मागच्या सीटवर मग कोणी बसू शकत नाही, पण पुढचे दोघं घरात बसल्यासारखे बोलतात. डॉक्टरीणबाई खूश. त्यांनी चौघांना सांगितलं, चौघांनी चाळिसांना.

टकलीला मात्र जाळी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"अहो, आपल्याला कधी लावणार?"

"मागची सीट जाते त्यात."

"मागे बसतं कोण?"

"फोमची खोकी असतात."

"रविवारी? खोकी काय हवा खायला येतात?"

"वारं नको तर उघडी गाडी कशाला? बंद गाड्या काय कमी आहेत जगात?" असं म्हणून हे पंप चालू करायचे. पंपाशी कोण भांडणार?

मी ठरवलं, आपणच लावायची. भिंतीशी एक जोडचौकट पडून होती, कोणाच्या तरी गाडीला माप चुकलेली. मी टेप घेऊन मोजलं, टकलीला बोटभर मोठी, पण बसण्यासारखी. जाळी मी शिवली. कोपऱ्यांना वळण होतं, तिथे शिलाई वाकडी गेली ती गेलीच. एका शनिवारी हे एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले तेव्हा मी टकलीत शिरले. पुढच्या सीटा पुढे ओढल्या, एक चौकट आडवी निजवली, दुसरी उभी केली, खुंट्या भोकांत दाबल्या. एक खुंटी भोकात टिकेना, तिला चामड्याचा तुकडा गुंडाळून ठोकली. आणि खात्रीसाठी उशीला लोकरीचा एक धागा बांधला.

रविवारी ह्यांनी जाळी बघितली आणि दारातच थांबले.

"कोणी लावली?"

"मी."

"वाकडी आहे."

"माणसं सरळ बसली की झालं. चला."

त्यांचा चेहरा उतरला तो मला दिसला. मला वाटलं, मला न विचारता कारागिरी केली म्हणून राग आला.

तळ्याच्या रस्त्याला लागलो, गाडीने वेग घेतला, आणि चमत्कार झाला. वारं डोक्यावरून जात होतं. त्याचा आवाज लांबून, शेजारच्या घरात नळ चालू असावा तसा. माझा पदर मांडीवरून हलला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या गाडीत माझाच आवाज ऐकू आला. तो ऐकून मीच लाजले, आणि लाजले म्हणून मनातलंच बोलून गेले, अगदी हळू.

"अहो, तुम्हाला माझा कधी कंटाळा येतो का?"

हे रस्त्याकडे बघत हसले आणि मान हलवली. "हो, हो."

पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, "कंटाळा येतो?"

"हो हो," हे म्हणाले, आणि मग माझ्याकडे एकवार चोरून बघत, "आज वारं फार आहे, नाही?"

मी उशीकडे बघितलं. लाल धागा सरळ खाली लोंबत होता. जरासुद्धा हलत नव्हता.

तळं येईपर्यंत मी त्या धाग्याकडेच बघत राहिले. तिथे उतरून आम्ही नेहमीसारखे पाच मिनिटं काठावर उभे राहिलो. तिथे समोरासमोर "परत जाऊ या?" म्हटलं तर लगेच "चल" म्हणाले. माझ्या ओठांकडे बघत म्हणाले. किती वर्षं ओठ बघत होते, आणि मी समजत होते, नवरा प्रेमाने बघतोय. कानाडोळ्यातला डोळा शाबूत होता, गेला होता तो कान.

इथवर माझी चूक नव्हती. पुढची सगळी माझी.

हे मनात ठेवायचं की नाही? पण माझ्या तोंडात तीळ कधी भिजला नाही. संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो, मुलगा आणि सून आली होती. हे माझ्या शेजारीच होते. मी मान खाली घालून, आवाज बारीक करून, मुलाला ती गंमत सांगितली. हो, गंमत म्हणूनच. "मी विचारलं कंटाळा येतो का, तर म्हणतात कसे, हो हो!" सून हसली, मीही हसले. मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "म्हणजे बाबांना ऐकूच येत नाही?" आणि आम्ही तिघांनी एकदम वळून त्यांच्याकडे बघितलं.

कान नसलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? तीन तोंडं आपल्याकडे वळलेली, त्यातली दोन अजून हसरी.

मुलाने वर आणि खच्चून ओरडून विचारलं, "बाबा, ऐकू येतंय का?"

"येतंय," हे म्हणाले. "ओरडायला काय झालं?" ताट अर्धं टाकून उठले, हात धुतले आणि खाली कारखान्यात गेले.

आठवडाभरात मुलाने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं असं आहे? हे शांतपणे म्हणाले, "दहा तरी." कानात घालायचं यंत्र दिलं. ते चार दिवस घातलं, शिट्ट्या वाजतात म्हणाले आणि टाचण्यांच्या डब्यात ठेवून दिलं. मुलगा चिडला. मी समोर बसून, ओठ नीट हलवत विचारलं, "इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी कात्री पुसून खाली ठेवली. मग म्हणाले, "अगं, घरात मला ऐकू येत नाही. दुकानात येत नाही. टकलीत कोणालाच येत नाही. तिथे मी सगळ्यांसारखा होतो."

त्याच दुपारी मी जाऊन जाळी उपसून काढली. ठोकलेली खुंटी निघेना म्हणून हातोडा घातला, तर भोकाच्या कडेचा पत्राच वाकला. मला वाटलं, जाळी गेली की रविवार परत येईल. वारं आलं की मी पुन्हा घसा फाडून बोलेन, ते हो हो म्हणतील, आणि आम्हा दोघांनाही काही माहीत नसेल. पण माहीत झालेलं काही जाळीसारखं उपसून काढता येत नाही.

रविवारी मी नेहमीसारखी तयार होऊन खाली आले. हे गाडीत वाकून काम करत होते. वाकलेला पत्रा त्यांनी सरळ केला होता, चौकट बोटभर कापून मापात आणली होती, माझी वाकडी शिलाई उसवून कोपरे पुन्हा शिवले होते. जाळी परत लावत होते ते! चारही खुंट्या अशा बसल्या की अंगठ्याने दाबल्या आणि टक् असा आवाज आला. तो त्यांना हाताला कळला असेल.

मग हात पुसून त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "मुलाला बोलाव," म्हणाले. "तुम्ही दोघं जा. आता छान बोलता येईल तुला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी बरोबरीने दोन सुनावले असते आणि भांडून का होईना, आम्ही गेलो असतो. ते खरंच माझ्यासाठी बोलत होते. मला रडू आलं. रडताना दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मला तुमच्याशीच बोलायचं होतं हो. तुम्ही नाही, तर मला कुठे जायचं नाही."

भिंतीला म्हणाले. त्यांना काय कळणार? मग किल्ली शिलाईच्या मशीनवर ठेवल्याचा आवाज आला आणि जिन्यावर त्यांची पावलं.

मला एवढंच करायचं होतं, वळून, त्यांच्यासमोर उभं राहून तेच पुन्हा म्हणायचं होतं. डोळे पुसून मी जिन्यापाशी गेलेही. पण वर सून आलेली, तिच्यासमोर असलं काय बोलायचं, म्हणून मी म्हटलं, सांगू उद्या. तो उद्या आला नाही, आणि त्यानंतर हे सहा वर्षं होते.