काकडांवाचून रांधलेली शेवळं

म्हसा गावापलीकडच्या डोंगरवाडीत पती कमळूच्या निधनानंतर भिमाबाईंची चूल जवळजवळ निमालीच होती. कणगीत तांदूळ होता, डब्यात नागली होती. उणीव होती ती समोर बसून जेवणाऱ्याची. पतीचे ताट मांडतानाच जिला स्वतःच्या क्षुधेची जाणीव होई, तिला एकटीसाठी भात वैरणे जणू अपराधासारखे वाटे. कोरा चहा आणि त्यात बुडवलेले बटर, एवढ्यावर दिवस निभावे. देह वाळत चालला होता. डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. त्याही चहाबरोबरच गेल्या.

ज्येष्ठात एके सकाळी शेजारची नवी सून हर्षाली पदरात शेवळं, म्हणजे रानात भुईतून वर येणारे ते जांभळट कोंब, घेऊन दारात उभी राहिली.

"काकी, सासूबाय गावाला गेल्यात. मला हे रांधता येत नाय. तुमी दावाल?"

"मला कुठं खायचंय गो?"

"तुमी नका खाऊ. मला तर खायचंय ना."

भिमाबाईंनी शेवळं सोलली, चिरली, फोडणीला टाकली. ही भाजी चुकली तर घशाला खाज सुटते. म्हणून रांधणारीने पहिला घास स्वतः घ्यावा, अशी वाडीची रीत. त्यांनी तो घेतला आणि घसा धरला.

"काय झालं, काकी?"

"काकडं गो. काकडं टाकलीच नाय."

काकडांची आंबट हिरवी फळे पडल्यावाचून शेवळांची खाज मरत नाही. ती फळे दरवर्षी फडक्यात बांधून कमळूच आणीत असे. भिमाबाई केवळ रांधीत. त्या भाजीतला त्याचा वाटा आज त्यांना कळला. डोळे भरून आले, आणि खोकता खोकता त्या हसल्याही.

"त्यानं मला आळशी करून ठेवलं गो. झाड ठावं हाय, पन चढायचा तो."

"मी चढते. माहेरी चिंचेवर चढायचे."

"मंग साडी खोच नीट. पडलीस तर सासू मला रांधील."

कित्येक महिन्यांनी भिमाबाई काकडाच्या झाडाकडची चढण चढल्या. काकडं आली, ठेचली गेली, त्यांच्या रसात भाजी पुन्हा शिजली. पहिला घास रीतीप्रमाणे भिमाबाईंचा. हर्षाली त्यांच्या मुद्रेकडे टक लावून पाहत होती.

खाज नव्हती. दुसरा घास घ्यावा, अशी कोणतीही रीत नव्हती. तो त्यांनी आपणहून घेतला.

"बघत काय बसलीस?" त्या म्हणाल्या. "तांदूळ वैर. दोघींपुरता."